आतल्या बाजूची इस्त्री

आल्झिराने उशीचा अभ्रा उलटा केला, खिडकीशी नेला आणि शिवणीवरून नख फिरवत नेलं. कोपऱ्यात नख थांबलं. तिने अभ्रा नाकाशी धरला.

"हा कधी वाळला?"

"मंगळवारी," दुर्वालिना म्हणाली. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "दोरीवर. जमिनीवर नाही, कुंपणावर नाही. दोरीवर."

"दोरी किती उंच आहे?"

"बघून घ्या. परसात आहे, पळून नाही गेली."

आल्झिरा खरोखरच परसात गेली. तिने हात वर करून दोरी मोजली, बुटाच्या टोकाने खालचं गवत बाजूला केलं, दोरीच्या खांबाला पडलेल्या भेगेत डोकावली. दुर्वालिना दारात उभी राहून बघत होती. बावीस वर्षं ती या बाईच्या घरचे कपडे धूत होती, इस्त्री करत होती. दुर्वालिनाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेऊन आल्झिराच उभी होती. तेव्हापासून आल्झिराचा नवरा सेऊ अर्लिंदो दुर्वालिनाचा कोंपाद्रे झाला, आणि दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आज आल्यापासून आल्झिराच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता.

"खांबाच्या भेगेत पाल आहे, दुर्वालिना."

"पाल कुणाकडे नाही? पाद्रीबाबांच्या वेदीमागे तर सरडा आहे. पगारी असल्यासारखा रोज वेळेवर येऊन बसतो."

आल्झिरा हसली नाही. तिने डाव्या हाताची बोटं जुळवून उजव्या बरगडीवर ठेवली, मग चूक लक्षात येऊन डाव्या.

"नागीण यांच्या पाठीच्या कण्यापासून निघालीय, इथवर आलीय. तोंड आणि शेपूट यांच्यात चार बोटं उरलीत. काल पाच होती."

नागिणीचं तोंड शेपटाला भिडलं की माणूस जातो, हे तिने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

"आणि डॉक्टरणीच्या गोळ्या?"

"देते ना. दिवसातून पाच. गोळ्या आगीसाठी. नागिणीसाठी उर्सुला मावशी." तिने बोचकं टेबलावर ठेवलं. "शुक्रवारी ती मंत्र म्हणून नागिणीची पहिली कापणी करणार आहे. मावशी म्हणाली, ज्याच्या हातून कपडा बिनइस्त्रीचा राहिला त्याने समोर उभं राहून तोंडाने सांगायचं. नाही तर कापलेलं डोकं पुन्हा फुटतं."

"माझ्या हातून काही राहिलेलं नाही."

"मग तसं येऊन सांग. मावशीसमोर." ती दाराशी थांबली. "हे या आठवड्याचे. सगळे उलटे करून, आतल्या बाजूने इस्त्री कर. बँडची पँटसुद्धा. मी तपासणार आहे."

जे तिने सांगितलं नाही

मागच्या गुरुवारच्या आधीचा गुरुवार. दुपारी बाजारातला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि इस्त्री हातातच गार झाली. सेऊ अर्लिंदोच्या कपड्यांतलं शेवटचं एक बनियन उरलं होतं. दुर्वालिनाने ते टेबलावर पसरलं, तळव्याने दाबून सपाट केलं, घडी घातली आणि बाकीच्यांच्या खाली सरकवलं. बनियनाकडे कोण बघतं?

सोमवारी त्याच्या बरगडीवर पहिले फोड आले.

नागीण कुठून येते

वाळत घातलेल्या कपड्यावरून पाल जाते. किंवा कोळी, किंवा बेडूक, किंवा खरोखरचा साप. मागे रेघ राहते, ती डोळ्यांना दिसत नाही. इस्त्रीच्या आगीने ती रेघ जळते. नाही जळली तर कपडा अंगात घालणाऱ्याच्या कातडीवर उमटते. म्हणून या गावात मोज्यांना इस्त्री होते, बाळाच्या लंगोटांना होते, भांडी पुसायच्या फडक्यांना होते. म्हणूनच अकरा घरं आपले कपडे दुर्वालिनाकडे देतात. तिच्या हातून कधी काही राहत नाही, असं ती अकरा घरं एकमेकांना सांगतात.

बुधवारपर्यंत त्यांतल्या एका घराने निरोप पाठवला होता: या आठवड्यात कपडे कमी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू.

शिक्का

आरोग्य केंद्राच्या बाकावर ती दीड तास बसली. डॉक्टरीण राजधानीतून आलेली, तरुण, केस मुलासारखे कापलेली.

"कुठे दुखतंय?"

"मला नाही. मला विचारायचंय."

तिने विचारलं. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. हा प्रश्न तिला इथे आल्यापासून बहुधा रोज येत असावा.

"कपड्यांतून येत नाही. अजिबात नाही. लहानपणी कांजिण्या येतात ना, त्याच विषाणूचं काम. कांजिण्या बऱ्या होतात, पण तो शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांमध्ये झोपून राहतो."

"किती दिवस?"

"दिवस नाही, वर्षं. पन्नास, साठ."

"साठ वर्षं झोपतो? माझा नवरा इतका आळशी, पण जेवायला तरी उठायचा."

डॉक्टरीण हसली. दुर्वालिना हसली नाही. ती तिच्याकडे निरखून बघत होती. शिकलेली माणसं तुम्हाला खोलीबाहेर काढायचं असलं की काहीतरी झोपलेलं, न दिसणारं सांगतात.

"मग तो उठतो कशाने?"

"वयाने. काळजीने. शरीर थकलं की. बहुतेकदा एवढंच असतं. कधी कधी मात्र आत दुसरंच काही चाललेलं असतं. माणूस बारीक होत चालला असेल, झोपेत घामाने भिजत असेल, तर शोधावं लागतं."

"म्हणजे सेऊ अर्लिंदोला..."

"त्यांच्याबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही. मी नागिणीबद्दल बोलतेय."

दुर्वालिनाने विचार केला.

"हे कागदावर लिहून द्याल? कपड्यांतून येत नाही, एवढंच. आणि खाली शिक्का."

कागदावरच्या एका अक्षरावरही तिचा विश्वास नव्हता. पण शिक्का गोल होता, निळा होता, आणि त्यावर सरकारचा तारा होता. शिक्क्यापुढे आल्झिरा गप्प बसली असती.

उलट बाजू

संध्याकाळच्या आत तिने बोचकं उघडलं. आधी अभ्रे. सात होते. पूर्वी आठवड्याला दोन यायचे. फेब्रुवारीपासून चार, पाच. चादरी तीन, प्रत्येकीच्या मधोमध पिवळी कड धरलेला मोठा डाग, धुऊनही न गेलेला. जून चालू होता, इथल्या ऐन थंडीचा. सकाळी बोललं तरी तोंडातून वाफ निघायची. या दिवसांत घाम कुणाला येतो, हा प्रश्न तिला इतक्या दिवसांत पडला नव्हता. लोकांच्या चादरींबद्दल प्रश्न पाडून घेतले असते तर बावीस वर्षं हे काम झालं नसतं.

मग बँडची पँट. पांढरी, बाजूने निळी पट्टी. अर्लिंदो गावच्या बँडमध्ये ट्युबा वाजवायचा. एवढ्या रुंद कमरेचा गणवेश दुसऱ्या कुणाचा नव्हता. ही पँट ती नेहमी सरळ बाजूनेच इस्त्री करायची. आज सांगितल्याप्रमाणे उलटी केली.

कमरेला मागच्या बाजूने शिवण होती. तिच्या आत दुसरी. तिच्याही आत तिसरी, नुकती घातलेली. तिचा दोरा अजून पांढराशुभ्र होता. कमर पाऊण वीत आत आली होती. शिंप्याचं काम नव्हतं, यंत्राचंही नव्हतं. हाताचे टाके, बारीक, आणि दर चौथ्या टाक्याला मागे येऊन घातलेली गाठ. हा हात दुर्वालिनाला माहीत होता. दर ईस्टरला ती चर्चच्या वेदीच्या कापडाला खळ घालायची, त्याची कड अशीच शिवलेली होती. ते कापड आल्झिराने दिलं होतं.

तीन वेळा. म्हणजे तीन वेळा तिने त्याला समोर उभं करून मापं घेतली असणार. की त्याला न सांगता, तो झोपलेला असताना, पँटवर पट्टी ठेवून?

करपल्याचा वास येण्याआधी दुर्वालिनाने इस्त्री उचलली.

गुरुवार

बोचकं न्यायला अर्लिंदो स्वतः आला. डोक्यावर टोपी, चाल सावकाश, डावा हात अंगापासून दूर धरलेला, जणू काखेत अंडं आहे.

"दुर्वालिना, तू मला मारायला निघालीस म्हणे."

"हसू नका, कोंपाद्रे. हसलं की ताणतं."

"मग कॉफी दे. कॉफीने नाही ताणत."

तो खुर्चीत बसला. टेबलावरचा कागद त्याला दिसला. त्याने तो लांब धरून वाचला, मग स्वतःच्या टोपीच्या अस्तरातून एक घडी काढली आणि शेजारी ठेवली.

"मलाही दिलाय एक. माझा जास्त लांब आहे. मोठ्या शहरातल्या इस्पितळाचा."

"जाणार?"

"संत योहानाचा सण होऊ दे. शेकोट्या होऊ देत. मग बघू."

"आणि कोमाद्रे?"

"तिला काही माहीत नाही." त्याने कागद पुन्हा अस्तरात सरकवला. "तिला भांडायला नागीण सापडलीय. भांडू दे. भांडतेय तोवर ती बरी आहे."

इस्त्री केलेली पँट गठ्ठ्यात सगळ्यात वर होती, सरळ बाजू बाहेर. दुर्वालिनाने तिच्यावर हात ठेवला. मग तिने वेगळंच सांगितलं. गुरुवार, वीज, बनियन. सांगताना तिचा आवाज खाली गेला. चौदा दिवसांत हे तिने देवालाही सांगितलं नव्हतं.

अर्लिंदोने बरगडी धरली. त्याला हसू येत होतं.

"काखेत ठिगळ असलेलं? अगं, ते मी घातलंच नाही. सगळी बनियनं आता खांद्यावरून लोंबतात. दोन जुनी आटलेली आहेत, तीच आलटून पालटून घालतो. ते तुझं कपाटात मागे पडलंय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"रोझरी मातेची शपथ."

ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो तेव्हा कॉफीच्या कपाकडे बघतो. तो तिच्याकडेच बघत होता.

"उद्या तसं सांग," तो उठत म्हणाला. "कागद दाखव, मी साक्ष देतो. तुझं नाव का म्हणून खराब व्हावं?"

काय म्हणायचं: पहिला प्रकार

मावशी, हा कागद. सरकारचा शिक्का आहे. नागीण कपड्यांतून येत नाही. ती कमजोर शरीरात उठते. का कमजोर झालं ते या बाईला विचारा.

दुसरा प्रकार

मावशी, एक बनियन राहिलं होतं, खरं आहे. पण ते त्यांनी घातलं नाही. का नाही घातलं? कारण ते ढगळ झालं. का ढगळ झालं?

तिसरा

दोन्ही प्रकार त्याच जागी येऊन थांबत होते. तिसरा तिने केला नाही.

कापणी

उर्सुला मावशीच्या अंगणात एरंडाचं झाड होतं आणि झाडाखाली बाक. बाकावर आधीच दोघी बसल्या होत्या: शाळेतली शिक्षिका दोना जुसारा, मानेवर गजकर्ण, आणि बेकरीवाल्याची बायको, नातवाला दृष्ट लागली म्हणून. दोघींचे कपडे दुर्वालिनाकडे असत. दोघींनी तिला नमस्कार केला आणि जागा द्यायला सरकल्या नाहीत.

"इस्त्रीवाली कोण?" मावशीने विचारलं. "ये पुढे. मी चावत नाही. दात कुठे राहिलेत?"

अर्लिंदोने सदरा काढला. आल्झिराने तो लगेच त्याच्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखा ताणून धरला, बाकाच्या बाजूने. त्यामुळे बाकावरच्यांना काही दिसलं नाही. दुर्वालिना पडद्याच्या आत होती. तिला नागीण दिसली, लाल, पाणी धरलेली. आणि तिच्या वर, खाली, सगळीकडे बरगड्या.

मावशीने एरंडाचा हिरवा देठ फोडांजवळ धरला आणि सुरी लावली.

"काय कापते?"

"नागीण," अर्लिंदो म्हणाला.

"काय कापते?"

"नागीण."

"डोकं कापते, मधलं कापते, शेपूट कापते. काय कापते?"

"नागीण."

देठाचे तुकडे पानावर पडले. मावशी पुटपुटत राहिली, मग थांबली.

"कुठून आली?"

 दुर्वालिनाने आल्झिराकडे बघितलं. आल्झिराचे हात अजून वर ताणलेले होते. चेहऱ्यावर राग असेल असं दुर्वालिनाला वाटलं होतं. राग नव्हता. इस्पितळाच्या खिडकीशी आपलं नाव पुकारायची वाट बघणारी माणसं असतात, तशी ती बघत होती.

"माझ्या हातून," दुर्वालिना म्हणाली. "गुरुवारी वीज गेली. एक बनियन तसंच राहिलं."

अर्लिंदोचा वर धरलेला हात खाली येऊ लागला.

"दुर्वालिना, पण ते..."

"हात वर ठेवा, कोंपाद्रे. मावशी कापतेय."

"बनियन," आल्झिरा म्हणाली. "बनियनच ना? नक्की?"

"नक्की."

"तेच. दुसरं काही नाही."

"दुसरं काही नाही."

सदरा खाली आला. पलीकडे बेकरीवाल्याची बायको जुसाराच्या कानाशी वाकली होती.

"किती रात्री माझा डोळा लागला नाही, कोमाद्रे," आल्झिरा म्हणाली, आणि तिचा आवाज जवळजवळ आनंदी होता. "किती रात्री. आधीच का नाही सांगितलंस, मूर्ख बाई?"

मावशीने सुरी पुसली. दुर्वालिनाकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"ते कापड जाळा. देठ वाळला की नागीण वाळेल. आणि इथे खोटं बोललं की देठ वाळत नाही, बरं का."

"वाळेल," दुर्वालिना म्हणाली.

शनिवार

सकाळी दोन घरांतून माणसं आली आणि न धुतलेले कपडे परत घेऊन गेली. एका घराने निदान कारण सांगितलं. तिसरं बोचकं शिक्षिकेचं होतं. ते दुर्वालिनाने स्वतःच नेऊन दिलं, तिला यायला लागू नये म्हणून.

आल्झिराच्या परसात तेलाच्या जुन्या डब्यात आग पेटवलेली होती. अर्लिंदो स्वयंपाकघराच्या खिडकीत बसला होता, समोर कसाव्याच्या पिठाची पेज, चमचा हातात, पेज तशीच. आल्झिराने कपाटाचा अख्खा खण बाहेर आणून खुर्चीवर रचला होता. मागून तिने ते बनियन ओढून काढलं. काखेत ठिगळ होतं.

घडी मोडलेली नव्हती. चार घड्यांच्या रेघा तशाच होत्या, तळव्याने दाबून बसवलेल्या, कुणाच्या अंगात न गेलेल्या. आल्झिराने एका रेघेवरून अंगठा हळूहळू पुढे नेला आणि मागे आणला. दुर्वालिना डब्यातल्या ज्वाळांकडे बघत राहिली. खिडकीत अर्लिंदोने चमचा खाली ठेवला.

घडी न उलगडताच आल्झिराने बनियन आगीत टाकलं.

सुती कापड, क्षणात पेटलं, क्षणात संपलं. दोघी त्याकडे बघत उभ्या होत्या. राख वर उठली आणि आल्झिराच्या केसांवर बसली. तिने ती झटकली नाही.

"एवढंच?" तिने विचारलं. ती दुर्वालिनाकडे बघत नव्हती. "वीज बराच वेळ गेली होती त्या दिवशी. आणखी काही राहिलं असेल. नीट आठव ना, कोमाद्रे."

खुर्चीवर सहा सदरे होते, दोन पायजमे, रविवारचं एक जाकीट. एकेकाची कॉलर, बाही, पाठ, बटणांमधली जागा. सगळ्यांवरून दुर्वालिनाची गरम इस्त्री फिरली होती, एक इंचही सुटला नव्हता.

ती खुर्चीपाशी गेली आणि वरचा निळा सदरा उचलला.

"हाही असेल," ती म्हणाली.